घरचा लिनक्स लांबून उघडायचाय: रिव्हर्स टनेल लावावा का टेलस्केल?

मागच्या दोन-तीन महिन्यांत हाच प्रश्न तिघांनी विचारला, एक नांदेडचा, एक अंबाजोगाईचा आणि एक आमच्याच गल्लीतला जो आता हिंजवडीला असतो, म्हणून म्हणलं एकदाच नीट लिहून टाकावं. गावाकडं घरी लिनक्सचा कॉम्प्युटर चालू ठेवलाय, आपण राहतो दुसरीकडं, तर बाहेरून त्यात लॉगिन करायला स्वतःचा रिव्हर्स एसएसएच टनेल लावावा (म्हणजे घरच्या मशिननंच बाहेर जाऊन आपल्यासाठी वाट उघडी ठेवायची) का सरळ टेलस्केल (आपली मशिनं एकमेकांशी खाजगी नेटवर्कनं जोडणारं एका कंपनीचं ॲप) टाकून मोकळं व्हावं. एसएसएच काय असतं, त्याची की (लॉगिनची चावी) कशी बनवतात, हे तुम्हाला येतं असं धरतो, ते परत सांगत बसत नाही.

मी दोन्ही वापरलंय. टनेल साधारण दीड वर्ष, त्यानंतर टेलस्केल, ते आता दोन वर्षं होत आलं. घर सेलूला, अप्पांचं कृषी सेवा केंद्र आहे, दुकानाच्या बिलांचे स्कॅन, बियाणं-खताच्या स्टॉकच्या फाइली, घरातल्या सगळ्यांचे फोटो, हे सगळं एका जुन्या आय-थ्री डेस्कटॉपवर आहे, त्यात उबुंटू २२.०४. मी वाळूजला कंपनीत, बहुतेक सेकंड शिफ्ट. म्हणजे काही अडलं तर उठून जाऊन बघू अशी सोय नाही, सुट्टीच्या दिवशी तपोवन एक्सप्रेस पकडायची, घरी जायचं, पाच मिनिटांचं काम करायचं अन् आईच्या हातचं खाऊन परत यायचं. (आई म्हणते बंदच पडू दे ते, त्या निमित्तानं तरी येतोस.)

स्पीडटेस्ट वगैरे मी काही केलेली नाही, आलेख काढलेले नाहीत. मी एकच गोष्ट मोजली, ती पण मनातल्या मनात, की घरी किती वेळा फोन करावा लागला, "अप्पा, जरा त्या कॉम्प्युटरकडं बघता का". खालचं सगळं मत त्या मापावर आहे. तुमचं माप वेगळं असेल तर निकालही वेगळा लागू शकतो.

निवडीच्या आधी एक गोष्ट मात्र सांगतो कारण मी स्वतः यात आठ दिवस घालवलेत. लॉगिन होईना म्हणून लोक पद्धतच बदलायला निघतात, आणि दोष बऱ्याचदा पद्धतीत नसतोच, मशिनमध्ये असतो. घरी असाल तेव्हा त्याच वायफायवरून, दुसऱ्या लॅपटॉपवरून नाहीतर मोबाइलवरून, आतल्या १९२.१६८ वाल्या पत्त्यावर आधी लॉगिन होतंय का बघा. तिथंच होईना तर टनेल बी कामाचा नाही अन् टेलस्केल बी. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं म्हणजे मशिनपर्यंत पोचलात पण त्या पोर्टवर ऐकायला कुणी बसलेलं नाही, उबुंटू डेस्कटॉपमध्ये एसएसएच सर्व्हर आपोआप येत नाही, ओपनएसएसएच-सर्व्हर हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं, तेच राहिलेलं असतं. 'टाइम्ड आउट' आलं तर मधे कुठंतरी अडतंय, फायरवॉल असेल, आयपी बदलला असेल, नाहीतर मशिनच झोपलं असेल. आणि 'परमिशन डिनाइड, पब्लिक की' आलं तर मी तर खूश होतो, कारण रस्ता पूर्ण मोकळा आहे, भानगड फक्त कीची किंवा फोल्डरच्या परवानग्यांची आहे. डॉट-एसएसएच फोल्डरची परवानगी ७००, ऑथराइज्ड-कीज फाइलची ६०० (म्हणजे फक्त मालकाला मोकळं), एवढं सगळे करतात, पण होम फोल्डरच ग्रुपला लिहायला मोकळं असेल तरी सर्व्हर ती की नाकारतो, हे ध्यानातच येत नाही. घरच्या मशिनच्या लॉगमध्ये 'बॅड ओनरशिप ऑर मोड्स' असं स्वच्छ लिहिलेलं असतं, आपल्या स्क्रीनवर मात्र नुसतं डिनाइड. अजून एक, फोनमधलं एसएसएचचं ॲप फार जुनं असेल आणि की आरएसए असेल तर नवीन सर्व्हर ती घेत नाही, ओपनएसएसएच ८.८ पासून, म्हणजे २०२१ पासून, आरएसएची ती जुनी शा-वन वाली सही डीफॉल्ट बंद केलीय. ईडी२५५१९ ची की बनवा, विषय संपला.

राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करायचं आणि डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला एक कायमचं नाव) लावायचं, ही जी तिसरी जुनी पद्धत आहे ती मी तुलनेत धरलेलीच नाही, कारण आपल्याकडं बहुतेक कनेक्शनवर ती चालतच नाही. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) जो आयपी दिसतो तो, आणि 'माझा आयपी काय' असं गुगलला विचारल्यावर येतो तो, दोन्ही जुळवून बघा. वेगळे असतील, आणि राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ यात बसत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागं आहात. आयपीव्ही४ चे पत्ते संपत आले म्हणून २०१२ मध्ये हा पट्टा खास याच कामासाठी वेगळा काढला, एकच बाहेरचा पत्ता कितीतरी घरांत वाटून देतात. अशा वेळी राउटरवर कितीही पोर्ट उघडा, बाहेरच्याला तुमचं दार दिसतच नाही. मला हे माहिती नव्हतं, मी राउटरचं ते एकच पान आठ दिवस घासत होतो. केबलवाल्या पोराला फोन केला तर तो म्हणे दादा, स्टॅटिक आयपी घ्या, वेगळे पैसे लागतील. तुम्हाला खरा पब्लिक आयपी मिळत असेल तर मिळवा, पण पोर्ट २२ उघडा टाकला की काही तासांतच लॉगमध्ये रूट, ॲडमिन, टेस्ट अशा नावांनी दार वाजवणाऱ्यांची रांग लागते, मी एका मित्राच्या मशिनवर बघितलंय, पासवर्ड लॉगिन बंद केल्याशिवाय ते करूच नका. आयपीव्ही६ नं पण हा प्रश्न सुटू शकतो, पण तो दोन्ही टोकांना पाहिजे आणि आमच्या सेलूच्या कनेक्शनला तो नाहीच.

तर आता मूळ दोघं.

टनेल मला मनापासून आवडला होता, हे आधीच कबूल करतो. कल्पनाच भारी आहे. बाहेरून घरात शिरता येत नाही ना, मग घरच्या कॉम्प्युटरनंच बाहेर यायचं. तो आपणहून एका भाड्याच्या व्हीपीएसला (इंटरनेटवरच्या कायम चालू सर्व्हरला) एसएसएच करतो आणि तिथं एक पोर्ट, माझ्याकडं २२२२, धरून बसतो, आपण त्या पोर्टात शिरलो की घरात निघतो. सीजीनॅट असू द्या, हॉस्टेलचं नेट असू द्या, मोबाइलचा हॉटस्पॉट असू द्या, आतून बाहेर जायला सहसा कुणी अडवत नाही. एकच एसएसएच कमांड, त्यात '-R' ऑप्शन, झालं. कुठल्या कंपनीत खातं नको, कुणाचं ॲप नको, ऑफिसच्या लॅपटॉपवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसली तरी एसएसएच तर बहुतेक असतंच. पहिल्यांदा वाळूजच्या रूमवरून घरच्या मशिनचा प्रॉम्प्ट समोर आला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी उगीचच फोल्डर उघडून बघत बसलो होतो, दुकानाची बिलं, बहिणीच्या लग्नाचे फोटो.

नवीन लावणाऱ्याला एकच ठेच लागते, व्हीपीएसवर तो पोर्ट फक्त आतल्या लोकलहोस्टवरच उघडतो, म्हणून बाहेरून सरळ २२२२ वर गेलात की रिफ्यूज्ड. त्यासाठी गेटवे-पोर्ट्स (तो पोर्ट बाहेरच्यांना उघडा करणारं सेटिंग) चालू करा असं सगळीकडं सांगतात, मी म्हणेन नका करू, एसएसएचला '-J' ऑप्शन देऊन व्हीपीएसवरून उडी मारून आत जा, दार जगाला दिसत नाही आणि काम तेच होतं.

पण मग लाईट.

आपल्याकडं मे-जूनमध्ये काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. वारं सुटतं, आभाळ येतं, पाऊस चार थेंब पडतो आणि लाईट जाते, ती कधी दहा मिनिटांत येते, कधी डीपी जळाली म्हणून दुसऱ्या दिवशी. नेमका तोच दुकानाचा सीझन, सोयाबीनच्या बॅगा, खताच्या पावत्या, अप्पांना रात्री हिशोबाचा कागद पाहिजे आणि मला इथून तो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा असतो. लाईट गेली तर गेली, कॉम्प्युटर बंद होणारच, त्याचं मला काही नाही, घरच्या इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे एवढंच आहे. प्रश्न लाईट आल्यावरचा.

लाईट आली की कॉम्प्युटर आपोआप चालू होतो, बायोसमध्ये ते सेटिंग मी करून ठेवलेलं. एसएसडी टाकलेली, अर्ध्या मिनिटात तो तयार. फायबरचा डबा आणि राउटर मात्र आपल्या चालीनं उठतात, दोन-तीन मिनिटं आरामात घेतात. टनेल जिवंत ठेवायला मी ऑटोएसएसएच लावलेलं, नावाप्रमाणं ते तुटलेलं कनेक्शन परत जोडतं, सगळीकडं तसंच लिहिलेलं असतं, आणि ते खरं आहे, फक्त एक अट आहे जी मी वाचली नव्हती. सुरू केल्यावर पहिलंच कनेक्शन तीस सेकंदांच्या आत पडलं तर ऑटोएसएसएच असं समजतं की मांडणीतच चूक आहे आणि गुपचूप निघून जातं, परत प्रयत्नच करत नाही. आता बघा, कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उठला, नेट अजून आलेलं नाही, पहिलं कनेक्शन दोन सेकंदांत फेल, ऑटोएसएसएच घरी गेलं. दोन मिनिटांनी नेट आलं तेव्हा कनेक्शन करायला कुणीच नाही.

आणि इकडं मला दिसतं 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. ते घरून आलेलं नसतं, व्हीपीएसकडून आलेलं असतं, कारण तिथं २२२२ धरून कुणी बसलेलंच नाही, पण हे कळायला मला फार दिवस लागले. मला वाटायचं लाईट अजून आलीच नाही. फोन लावायचा.

"अप्पा, लाईट आली का?"

"आरं कव्हाच आली. टीव्ही बघायलो."

"मग कॉम्प्युटर चालू आहे का बघा बरं."

"चालू हाय की. हिरवा दिवा लागलाय."

मग मी त्यांना टर्मिनल उघडायला लावायचो. आता बासष्ट वर्षांच्या माणसाला, ज्याला खताच्या बॅगेवरचा एनपीके बरोबर कळतो पण कीबोर्डवरचा हायफन कुठं असतो ते कळत नाही, त्याला फोनवर कमांड सांगायची म्हणजे काय होतं ते विचारू नका. "आडवी रेघ अप्पा, शून्याच्या शेजारची." "शून्याच्या कोणत्या बाजूची?" "उजव्या." "ती उजवीकडची का, मग लांब गेली ना ही." पंधरा मिनिटं झाली की त्यांचाही पारा चढायचा अन् माझाही, शेवटी मी म्हणायचो जाऊ द्या, बटन दाबून बंद करा आणि परत चालू करा. आणि काय गंमत, लगेच लागायचं! कारण तोपर्यंत राउटर उठून बसलेला असायचा, त्यामुळं पहिलाच प्रयत्न यशस्वी. म्हणूनच ही चूक मला सापडत नव्हती, रीस्टार्ट केलं की दोष गायब, मी आपला समजायचो की जुनं मशिन आहे, करतं कधीमधी.

इलाज एका ओळीचा आहे, ऑटोएसएसएचला गेटटाइम शून्य द्यायचा, म्हणजे पहिल्या फेलनंतरही ते प्रयत्न करत राहतं. तो लावला. महिनाभर बरं चाललं. मग रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली, सांध्याला दोन-तीन तास गेले, यावेळी लाईट गेलीच नव्हती, आणि टनेल परत बंद, पण दुखणं वेगळं. आता रिफ्यूज्ड येत नव्हतं, कर्सर नुसता लुकलुकत बसायचा, काहीच नाही. झालं असं की नेट तुटल्याचं व्हीपीएसला कळलंच नाही, त्याच्या हिशोबानं जुनं कनेक्शन अजून चालू, त्यानं २२२२ धरून ठेवलेला. घरून नवं कनेक्शन गेलं, त्याला तो पोर्ट मिळेना, त्यानं 'रिमोट पोर्ट फॉरवर्डिंग फेल्ड' एवढं पुटपुटलं आणि पोर्टाशिवायच कनेक्शन चालू ठेवलं. ऑटोएसएसएचला वाटतंय सगळं मजेत. याला परत तीन इलाज: घरच्या बाजूला एक्झिट-ऑन-फॉरवर्ड-फेल्युअर चालू, म्हणजे पोर्ट नाही मिळाला तर कनेक्शन सोडून परत ये, त्याच बाजूला सर्व्हर-अलाइव्ह-इंटरव्हल ३० सेकंद, आणि व्हीपीएसच्या बाजूला क्लायंट-अलाइव्ह-इंटरव्हल पण ३०, म्हणजे तीन हाका मारून उत्तर नाही आलं की साधारण दीड मिनिटात मेलेलं कनेक्शन तो स्वतःच टाकून देतो.

मग मी शहाणपणा केला, ऑटोएसएसएच काढून टाकलं आणि सिस्टमडीलाच (लिनक्समधल्या सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्यालाच) सांगितलं की पडलं की उचल, रीस्टार्ट ऑलवेज. तर सिस्टमडीचाही एक नियम निघाला, दहा सेकंदांत पाचदा पडलं तर तो म्हणतो आता बास, आणि सर्व्हिस फेल्ड करून ठेवतो. नेट नसताना पाच प्रयत्न व्हायला कितीक वेळ लागतो! नेटवर्क-ऑनलाइनची वाट बघ असं सांगून पण भागत नाही, कारण राउटरनं आतला आयपी दिला की त्याच्या लेखी नेटवर्क आलं, बाहेरची फायबर उठली का नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. रीस्टार्ट-सेक ३० केलं, म्हणजे दोन प्रयत्नांमधे तीस सेकंद थांब, तेव्हा ते पण मिटलं.

आता कुणी म्हणेल मग झालं की, सगळे इलाज तर मिळाले, चार ओळी टाका आणि टनेलच वापरा. बरोबर आहे. माझ्या या चार ओळी घेऊन कुणी आज टनेल लावला तर त्याला माझ्याइतका त्रास होणार नाही, हे मी मानतो. पण मला त्यातली एकेक ओळ कळायला एकेक सेलूची फेरी नाहीतर अप्पांशी एकेक भांडण लागलंय, आणि पुढची पाचवी ओळ कोणती निघेल याची धाकधूक प्रत्येक वाऱ्याला असायची. वाळूजमध्ये वारं सुटलं की मी सेलूचं हवामान बघायचो.

टेलस्केल मी खरं तर कंटाळून टाकलं, आवडीनं नाही. ते आतून वायरगार्डच (एक व्हीपीएन पद्धत) वापरतं, जे २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, वर फक्त कोण कुठं आहे ते शोधून दोघांची गाठ घालून द्यायचं काम कंपनीचा सर्व्हर करतो. लावायला दहा मिनिटं लागली, त्यातली पाच तर पासवर्ड आठवण्यात गेली. घरच्या मशिनवर टाकलं, माझ्या लॅपटॉपवर टाकलं, फोनवर टाकलं, प्रत्येकाला एक १०० नं सुरू होणारा पत्ता मिळाला. इथं मी अर्धा तास गोंधळलो कारण हा तोच पट्टा आहे जो सीजीनॅटवाले वापरतात, मला वाटलं राउटरचाच आयपी दाखवायलंय. तसं नाही, हा तुमच्या मशिनचा कायमचा पत्ता, आणि आकडा पाठ करायचं कामच नाही, मशिनच्या नावानं एसएसएच करता येतं.

त्यानंतरचा पहिला जून. एका सकाळी बिलाचा स्कॅन काढायला लॉगिन केलं, झालं, काम केलं, निघताना सहज अपटाइम टाकून बघितला तर तीन तास. म्हणजे पहाटे कधीतरी लाईट जाऊन आलेली, मशिन बंद होऊन उठलेलं, राउटर मागून उठलेला, आणि हे पठ्ठं तोपर्यंत प्रयत्न करत राहिलेलं. मला घरून कुणी सांगितलं नव्हतं, मी कुणाला विचारलं नव्हतं. टनेलच्या दीड वर्षात असं एकदा पण झालं नव्हतं. माझ्यापुरता निकाल त्या सकाळी लागला.

दुसरी सोय लॉगिन अडल्यावर कळते. टेलस्केलच्या यादीत प्रत्येक मशिनपुढं ते शेवटचं कधी दिसलं ते येतं. त्यावरून कळतं की मशिनच बंद आहे का मशिन ठीक आहे पण एसएसएचची भानगड आहे. टेलस्केलचा पिंग लागतोय आणि एसएसएच लागत नाही, म्हणजे सर्व्हिस किंवा फायरवॉल बघायचं. पिंगच नाही, म्हणजे लाईट नाहीतर नेट. टनेलमध्ये हा अंदाज मला फोन केल्याशिवाय यायचा नाही. शिवाय रेल्वेत परतूरच्या पुढं मोबाइलचं नेट येत-जात असतं, तिथं मी मॉश (एसएसएचसारखंच, पण तुटक्या नेटवर टिकणारं) वापरतो, कनेक्शन तुटून परत आलं तरी टर्मिनल तिथंच. मॉश यूडीपीवर चालतं, एसएसएच टनेलमधून ते जातच नाही, टेलस्केलवरून जातं.

खोट नाही असं नाही. पहिली म्हणजे दार दुसऱ्याच्या भरवशावर. कंपनी कॅनडातली, लॉगिन गुगल किंवा तसल्याच कुठल्या खात्यानं, ते खातं अडकलं तर नवीन मशिन जोडता येणार नाही. डेटा एनक्रिप्टेड जातो, की आपल्याच मशिनवर राहते, हे ठीक, पण ज्याला मनातून हे पटत नाही त्याला मी आग्रह करणार नाही. दुसरं, मशिनची की डीफॉल्ट १८० दिवसांनी संपते आणि मग त्या मशिनवरच परत लॉगिन करावं लागतं, म्हणजे परत अप्पा आणि परत हायफन. घरच्या मशिनसाठी की एक्स्पायरी पहिल्याच दिवशी बंद करून टाका, यादीत त्या मशिनपुढच्या तीन टिंबांत ते मिळतं, यात आळस करू नका. तिसरं, दोन्हीकडचा नॅट (आतली मशिनं एका बाहेरच्या पत्त्यामागं ठेवणारी सोय) आडमुठा असेल तर थेट जोडणी होत नाही, कंपनीच्या मधल्या रिले सर्व्हरवरून जातं, बंगळुरूचा रिले आहे म्हणून टायपिंगला फार जाणवत नाही पण मोठी फाइल ओढायची तर कंटाळा येतो. माझं बहुतेक वेळा थेटच लागतं, स्टेटसमध्ये दिसतं थेट का रिले ते. आणि फोनवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, ऑफिसचा व्हीपीएन फोनमध्ये असेल तर आलटून पालटून वापरावं लागेल.

एक मात्र दोघांनाही जमत नाही, मशिन उठलंच नाही तर. मागच्या वर्षी एकदा दिवसभर यादीत मशिन दिसेना. अप्पांना फोन केला तर म्हणे, "काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी लिवलंय, एफ वन दाबा म्हणायलंय." मदरबोर्डवरचा सेल संपलेला. तो संपला की मशिन बायोसची सेटिंग विसरतं, लाईट आल्यावर आपोआप चालू हो हे पण विसरतं, तारीख मागं जाते आणि मशिन एफ वनसाठी अडून बसतं. सीआर २०३२ सेल, घड्याळाच्या दुकानात मिळतो, जुनं मशिन असेल तर आजच बदलून टाका. तसंच उबुंटू डेस्कटॉप लॉगिन स्क्रीनवर पडून राहिला की झोपी जाऊ शकतो, स्लीप आणि सस्पेंड हे दोन टार्गेट सिस्टमडीत मास्क (पूर्ण बंद) करून ठेवा. आणि मशिन वायफायवर असेल तर ते कनेक्शन 'सर्व युजरसाठी' करून ठेवा, नाहीतर वायफायचा पासवर्ड युजरच्या किरिंगमध्ये (पासवर्डच्या तिजोरीत) असतो आणि घरी कुणी लॉगिन केल्याशिवाय वायफाय जोडलंच जात नाही. जमलं तर वायरच लावा. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो तो पण घ्या, मी घेतला, राउटर जागा राहिला की अर्ध्या कटकटी तिथंच संपतात. आता तुम्ही म्हणाल हाच यूपीएस टनेलच्या वेळी घेतला असता तर? हो, तर कदाचित मी अजून टनेलवरच असतो. ते पण खरंय.

डेस्कटॉपच बघायचा असेल तर एक्सआरडीपी (लांबून डेस्कटॉप दाखवणारं सॉफ्टवेअर) दोन्हींवरून चालतं, फक्त त्याच युजरनं घरी लॉगिन केलेलं असेल तर काळी स्क्रीन येते, अप्पांचा युजर वेगळा आणि तुमचा वेगळा ठेवा.

तर कुणी काय घ्यावं. तुम्हाला शिकायचंय, हात घालून बघायचंय, घरी कुणीतरी कॉम्प्युटर कळणारं आहे, व्हीपीएस आधीच कशासाठी तरी घेतलेला आहे, तर टनेल लावाच, एसएसएच मला जेवढं कळतं त्यातलं निम्मं टनेलनं शिकवलंय. ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीच टाकता येत नसेल तरी टनेलच. बाहेरच्या कंपनीवर विश्वास नसेल पण टेलस्केलची सोय पाहिजे तर हेडस्केल आहे, तोच मधला सर्व्हर स्वतःच्या व्हीपीएसवर चालवता येतो, मी ते लावलेलं नाही म्हणून त्यावर बोलत नाही. पण घरी फक्त आई-वडील आहेत, तुम्ही दूर आहात, लाईट जाते-येते, आणि तुम्हाला फाइल पाहिजे, छंद नको, तर मी आपला टेलस्केलकडं बोट दाखवीन, हलकंच.

माझा टनेल मी अजून काढलेला नाही म्हणा. एक बंद पडलं तर दुसरं दार असावं म्हणून त्या चार ओळींसकट चालूच ठेवलाय. दिवाळीपासून त्यातून एकदाही गेलो नाही. व्हीपीएसचं रिन्युअल पुढच्या महिन्यात आहे, मेल येऊन पडलाय, पैसे अजून भरले नाहीत.